काट्याला नको, टाकीला विचारा

सुरतेजवळच्या मगदल्ल्याच्या बाजूला नांगरलेल्या एका लहान फायबर बोटीचा पेट्रोलचा काटा आठवडाभर ‘रिकामी’वर पडून होता. बोट हलली की टाकीत तेल डचमळल्याचा आवाज यायचा, झाकण उघडलं तर वास भपकन नाकात शिरायचा, पण काटा काही उठत नव्हता. बोटीचे मालक आमच्या धुळ्याकडचे, सुरतेत आयुष्य गेलेलं. मला म्हणाले, ‘‘भाऊ, टाकीतला सेन्सर गेला. नवा आणलाय, बसवून द्या.’’ मी बसवून दिला. अर्धा दिवस गेला, हाताला पेट्रोलचा वास लागला, चावी फिरवली, आणि काटा जिथे होता तिथेच.

दोष सेन्सरमध्ये नव्हताच. टाकीवरून निघून तळातून पुढे गेलेल्या तारेच्या टोकाचा लग मिठाच्या पाण्याने हिरवा पडला होता. दहा मिनिटांचं काम, आणि मी आधी टाकी उघडून बसलो होतो. त्या दिवसापासून एक क्रम ठरवून टाकला: आधी मोजायचं, मग खोलायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

इथे काटा का महत्त्वाचा

आमच्यातले बरेच लोक खानदेशातून सुरतेत आले, तापी नदीही तिकडूनच येते. भुसावळपाशी पाहिलेली नदी आणि सुरतेतली नदी यांत मात्र फरक आहे. सिंगणपोर आणि रांदेर यांच्यामध्ये बांधलेल्या बंधाऱ्याच्या वर पाणी गोडं असतं. खाली समुद्राची भरती-ओहोटी चालते. खंभातच्या आखातातला भरती-ओहोटीचा चढउतार देशातल्या सगळ्यांत मोठ्या चढउतारांपैकी एक आहे. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, त्यामुळे ओढाही तसाच जबर.

इंधनाचा हिशेब इथेच चुकतो. बोट पाण्यात १२ नॉट वेगाने चालते आणि समोरून ४ नॉटांचा ओढा आहे असं धरा. जमिनीच्या हिशेबाने बोट ८ नॉटच सरकते. तेवढंच अंतर कापायला दीडपट वेळ, आणि इंजिन त्याच फेऱ्यांवर चालवलं तर दीडपट इंधन. जाताना ओहोटीने पुढे ढकललं म्हणून खुशीत डुमसच्या पुढे गेलेला माणूस परतताना ओहोटी संपायच्या आत निघाला, तर तीच ओहोटी त्याची टाकी पिऊन टाकते. म्हणून दर्यावरचे जाणते इंधनाचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला आणि एक हात न लावायचा. पण तिसरा भाग उरलाय की नाही हे कळायला टाकीत नेमकं किती आहे ते माहीत हवं.

दुसरं कारण पुराचं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा गल्लीबोळांतून बोटी फिरवाव्या लागल्या. अशा कामाच्या बोटी वर्षभर उभ्या असतात आणि एका रात्री लागतात. उभ्या बोटीची तारजोडणी गंजते, फ्लोट अडकतो, आणि ते कळतं नेमकं नको त्या वेळी.

काटा हलतो कसा

टाकीच्या वरच्या पत्र्यावर एक गोल चकती पाच स्क्रूंनी बसवलेली असते. तिच्याखाली टाकीत लोंबणारा दांडा, त्याच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. आपले मेकॅनिक या सगळ्यालाच ‘फ्लोट’ म्हणतात. कॅटलॉगमध्ये त्याचं नाव ‘सेंडर’. इंधन वर-खाली होतं तसा फ्लोट वर-खाली होतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाची घासपट्टी एका रोधावर सरकते, आणि त्या रोधाचे ओहम बदलतात. पुढे पॅनेलवरचं गेज एवढंच बघतं की आपल्यातून निघालेल्या तारेच्या पलीकडे किती ओहम आहेत. काट्याला पेट्रोल कधीच दिसत नाही, त्याला फक्त ओहम दिसतात.

या ओहमच्या दोन बोली बाजारात चालतात. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम, अर्ध्याला १०३ आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. युरोपीय पद्धत उलटी: रिकामीला १०, भरलेलीला १८०. एका बोलीचं गेज आणि दुसऱ्या बोलीचा सेंडर जोडला तर टाकी भरताना काटा खाली उतरतो. लोक अशा वेळी ‘तार उलटी लागली’ म्हणतात. तार सरळच असते, दोघांची भाषा जुळत नसते.

दांड्याचा फ्लोट सोडून आणखी एक प्रकार आता बराच दिसतो. स्टीलची उभी नळी, तिच्यावर चुंबक असलेला गोल फ्लोट, आणि नळीच्या आत ओळीने लावलेले रीड स्विच. फ्लोट ज्या स्विचसमोर येतो तो जोडला जातो आणि ओहम पायरीपायरीने बदलतात. घासणारा भाग इंधनात नसल्यामुळे ही जात टिकाऊ. तिसरा प्रकार फ्लोटच नसलेला, धारिता मोजणारा. तो डिझेलला चांगला; पेट्रोलला त्यात एक अडचण आहे, ती पुढे सांगतो.

टाकी न उघडता तीन चाचण्या

साधा मल्टिमीटर आणि तारेचा एक तुकडा पुरतो. सगळं काम पॅनेलच्या मागे, टाकीपासून दूर करायचं. पेट्रोलच्या टाकीजवळ तार टेकवून ठिणगी पाडणं हा शहाणपणा नव्हे.

पहिली चाचणी गेजची. गेजच्या मागे तीन स्क्रू असतात: चावीतून येणारा धन, ऋण, आणि ‘एस’ अक्षराचा, म्हणजे सेंडरचा. चावी बंद करून ‘एस’वरची तार काढा, मग चावी चालू करा. अमेरिकी गेज असेल तर काटा रिकाम्यावर पडला पाहिजे. आता ‘एस’ आणि ऋण या दोन स्क्रूंमध्ये तारेचा तुकडा क्षणभर टेकवा. काटा भरलेल्याच्या टोकाला गेला पाहिजे. युरोपीय गेज याच्या अगदी उलट वागेल. काटा दोन्हीकडे नीट धावला तर गेज धडधाकट. धावलाच नाही, तर आधी धन स्क्रूवर १२ व्होल्ट येतात का ते बघा; बऱ्याचदा फ्यूज गेलेला असतो.

दुसरी चाचणी तारेची. चावी बंद, सेंडरकडून आलेली ती सुटी तार आणि ऋण यांच्यामध्ये मीटर लावून ओहम वाचा आणि लिहून ठेवा. मग बॅटरीचा मेन स्विच बंद करून टाकीपाशी जा, सेंडरवरची तार काढा, आणि तिथे थेट सेंडरचे ओहम वाचा. दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. टाकीवर १०३ आणि पॅनेलवर १६० आले, तर मधले ५७ ओहम कुठल्यातरी गंजलेल्या जोडात बसलेत. टाकी अर्धी असून काटा पावाच्या आसपास दिसेल. पॅनेलवर मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली किंवा लग सुटला. माझ्या त्या फुकटच्या अर्ध्या दिवसाची कहाणी हीच.

तिसरी चाचणी अर्थिंगची, आणि ती लोक विसरतात. सेंडरची चकती आणि बॅटरीचा ऋण यांच्यामध्ये जवळपास शून्य ओहम यायला हवेत. फायबरच्या बोटीत आणि प्लॅस्टिकच्या टाकीत चकतीला आपोआप अर्थ मिळत नाही. वेगळी तार लागते. ती सैल असली की इंजिन चालू झाल्यावर, दिवे लावल्यावर काटा नाचतो.

तिन्ही चाचण्या झाल्या, टाकीवरच सेंडर चुकीचे ओहम दाखवतोय, तरच पाना हातात घ्यायचा. फ्लोटमध्ये इंधन शिरून तो बुडाला तर वाचन कायम रिकाम्याचं येतं. घासपट्टी झिजली तर मीटरचा आकडा मध्येच उडतो आणि परत येतो.

नवा सेंडर निवडताना

गेजची बोली जुळली की पुढचा प्रश्न लांबीचा. मोजायची ती टाकीची आतली खोली, चकतीपासून तळापर्यंत. बाहेरून अंदाज नको. ३० सेंटिमीटर खोल टाकी घेऊ. नळीचा सेंडर असेल तर तळापासून दोन-एक सेंटिमीटर वर राहील असा निवडायचा, कारण तळाला गाळ आणि पाणी साचतं आणि लाटेवर आपटताना टाकीचा पत्रा थोडा लवचिक वागतो.

दांड्याचा असेल तर थोडं गणित. दांडा ज्या खिळीवर फिरतो ती टाकीच्या अर्ध्या उंचीवर हवी, म्हणजे १५ सेंटिमीटर. दांडा वर ४५ अंश आणि खाली ४५ अंश फिरतो असं धरलं तर त्याची लांबी खोलीच्या सुमारे ०.७ पट, म्हणजे २१ सेंटिमीटर. फ्लोटची जाडी तळाला आणि छताला टेकू नये म्हणून त्यातून थोडी कमी. दांडा कापायच्या आधी जमिनीवर खडूने टाकीची चौकट आखून त्यात फिरवून पाहावा. टाकीत आडवे पत्रे असतील, किंवा इंधन ओढणारी नळी जवळ असेल, तर फ्लोट त्यांना अडणार नाही अशी दिशा ठरवावी.

आता धारितेच्या सेन्सरबद्दल. तो धातूच्या दोन नळ्यांमध्ये असलेला द्रव विजेला किती प्रतिसाद देतो ते मोजतो. पेट्रोलचा हा आकडा सुमारे २, इथेनॉलचा २५च्या आसपास, पाण्याचा ८०. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मिश्रण बदललं की या सेन्सरचं वाचन बिघडतं, टाकीतली पातळी हललेली नसली तरी. फ्लोटला याचं सोयरसुतक नाही. त्याला तरंगण्याशी मतलब. म्हणून पेट्रोलच्या बोटीला फ्लोट बरा.

बसवायच्या आधी एक काम घरीच करा. मीटर लावून हाताने फ्लोट खालून वर न्या. आकडा २४० पासून ३३ पर्यंत सरळ उतरत आला पाहिजे, मध्ये उडी नको. डब्यातून निघालेला नवा माल नेहमी चांगलाच असतो असं नाही.

टाकी उघडताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात पाण्यासारखी साचून राहते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के वाफ असली की ठिणगीने पेट घेते. बंद टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच कमी पडते. धोका सुरू होतो तो झाकण उघडल्यावर, जिथे वाफ बाहेर येते आणि हवा आत जाते. म्हणून ‘टाकी जवळपास रिकामी आहे, आता काय भीती’ हा विचार उलटा आहे. कमी इंधनाच्या टाकीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण जास्त असतं.

काम उघड्यावर, सकाळच्या वाऱ्यात करावं. बॅटरीची ऋण तार काढून बाजूला बांधावी. चार्जर, बिडी, मोबाइल, ग्राइंडर, सगळं लांब. पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी. आणि एक खास सुरती सूचना: कपडे सुती घाला. आपल्या शहराने देशाला पॉलिस्टर दिलं हे खरं, पण सिंथेटिक कापड अंगावर घासून स्थिर वीज तयार करतं. टेक्सटाइल मार्केटमधल्या स्वस्त सिंथेटिक चिंध्याही पुसायला नकोत. त्या पेट्रोल नीट शोषत नाहीत आणि घासल्या की वीज धरतात. जुन्या सुती धोतराचा तुकडा उत्तम.

चकतीभोवतीचा कचरा, वाळू, मीठ आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने पूर्ण काढा. स्क्रू काढल्यावर तो कचरा थेट टाकीत पडतो आणि मग इंजिनाच्या फिल्टरमध्ये भेटतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर इथे मुळीच नको, त्याच्या मोटरीत ठिणग्या असतात. चकती आणि टाकी या दोन्हींवर एकाच रेषेत खूण करा. पाच भोकं समान अंतरावर नसतात. चकती एकाच रीतीने बसते. हे माहीत नसलं की माणूस पाचवा स्क्रू जबरदस्तीने घालतो आणि आटे खराब करतो.

चकती सरळ वर ओढू नका. थोडी उचला, तिरकी करा, दांडा त्याच्या वळणाने बाहेर येऊ द्या. बाहेर येताच टाकीचं भोक सुती फडक्याने झाका. जुना सेंडर हातात घेऊन फ्लोट हलवून बघा. आत इंधन असेल तर खुळखुळेल. पहिल्या वेळी मी एवढंच आधी केलं असतं, तर फ्लोट ठणठणीत असल्याचं तिथेच कळलं असतं.

बसवताना

जुनं गॅस्केट खरवडून काढा, लाकडी पट्टीने. स्टीलच्या पातीने ॲल्युमिनियमच्या टाकीवर ओरखडे पडतात. नवं गॅस्केट पेट्रोल सहन करणाऱ्या नायट्राइल रबरचं किंवा त्याहून चांगल्या जातीचं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावलेला मी पाहिला आहे. तो काही महिन्यांत फुगून मऊ होतो. बाथरूममधलं सिलिकॉन तर बिलकूल नको, पेट्रोल त्याला सोडवून टाकतं. स्क्रूंची भोकं टाकीत आरपार असतील तर प्रत्येक स्क्रूखालीही इंधन अडवणारं वॉशर लागतं.

स्क्रू हाताने थोडेथोडे, समोरासमोरच्या जोडीने आवळा. गॅस्केट जरा दबलं की थांबा. जोर लावून आवळलेलं गॅस्केट बाहेर ढकललं जातं आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फट पडते.

तारा जोडताना कथिल लावलेली मरीन तार, नीट दाबलेला लग आणि वर उष्णतेने आवळणारी नळी. कारखान्यातून आलेल्या बोटीत सेंडरची तार बहुधा गुलाबी असते; दुरुस्ती झालेल्या बोटीत हाती लागेल त्या रंगाची. रंगावर विश्वास न ठेवता मीटरवर ठेवा. बंधाऱ्याच्या खाली चालणाऱ्या बोटीत ही जोडणी जितकी तळाच्या पाण्यापासून उंच तितकी ती टिकेल. शेवटी अर्थिंगची तार, आणि पुन्हा एकदा तिसरी चाचणी.

बॅटरी जोडायच्या आधी टाकी काठोकाठ भरा. चकतीभोवती पांढरा कागद दाबून बघा, तासाभराने पुन्हा बघा. कागद कोरडा आणि तळात वास नाही, तर बॅटरी जोडा. इंजिन सुरू करायच्या आधी तळातली हवा काढणारा पंखा निदान चार मिनिटं चालवा. ही सवय सेंडर बदलला तरी न बदलला तरी ठेवायची.

काट्याला शिकवणं

आता काटा चालतो. पण त्याच्यावर किती विसंबायचं?

बोटीचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा, म्हणून तळाखाली बसवलेली टाकीही बऱ्याचदा तशीच. पूर्ण त्रिकोणी टाकीचा हिशेब करून पाहा. अर्ध्या उंचीपर्यंत इंधन असेल तर रुंदीही अर्धीच, म्हणजे इंधन चौथा हिस्सा. काटा प्रामाणिकपणे ‘अर्धी’ सांगतो, कारण तो उंची मोजतो. टाकीत उरलेलं असतं पाव. प्रत्यक्षात टाक्या इतक्या टोकदार नसतात, पण दिशा हीच: वरचा अर्धा भाग हळू संपतो आणि खालचा अर्धा भाग बघता बघता.

उपाय जुना आहे. टाकी रिकामी झाल्यावर, बोट सपाट उभी असताना, १० लिटर मोजून ओता आणि काटा कुठे आला ते लिहा. आणखी १०, पुन्हा लिहा. टाकी भरेपर्यंत. त्याच वेळी भरणीच्या तोंडातून लाकडी पट्टी तळापर्यंत सोडा आणि प्रत्येक १० लिटरला ओल्या रेषेवर खाच पाडा. भरणीची नळी वाकडी असेल आणि पट्टी जात नसेल, तर निदान काट्याचा तक्ता पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा.

हे फक्त लहान बोटीचं नाही. हजिऱ्याहून घोघ्याला नोव्हेंबर २०२० पासून फेरी जहाज जातं. तशा मोठ्या जहाजांवर टाक्यांना इलेक्ट्रॉनिक मापं असतात, तरीही प्रत्येक टाकीत उभी नळी ठेवलेली असते, तिच्यातून वजन बांधलेली टेप सोडून इंजिनरूमची माणसं पातळी मोजून वहीत लिहितात. मच्छीमार बोटींच्या डिझेलच्या टाक्यांत काठी घालून बघणारा तांडेलही तेच करतो.

मगदल्ल्याच्या त्या बोटीवर नवा सेंडर तसाच राहिला, कारण जुना परत घालायला पुन्हा टाकी उघडावी लागली असती. दुरुस्त केला तो लग. काटा आता नीट चालतो. मागच्या महिन्यात मालकांबरोबर बाहेर पडलो तेव्हा त्यांनी आधी झाकण उघडलं, पट्टी आत सोडली, वर काढून ओली खाच अंगठ्याने दाबून धरली, ‘‘चाळीसच्या वर आहे,’’ म्हणाले, आणि मग चावी फिरवून काट्याकडे पाहिलं. काटा त्यांच्याशी सहमत होता. आम्ही निघालो.